‘नॉट इन’ने शून्य ओळी का दिल्या? दिवाळी अंकांच्या यादीवरून थोडं सबक्वेरीबद्दल

तुमचा प्रश्न लांब होता, म्हणून आधी मला कळला तसा सांगते. पुण्यातल्या एका वाचनालयात तुम्ही संध्याकाळी काउंटर सांभाळता, सकाळी एमसीएचे तास. वाचनालयाची दिवाळी अंक योजना आहे : एकदाच वर्गणी भरायची आणि पुढचे काही महिने अंक बदलून न्यायचे. वर्गणी भरूनही ज्यांनी अजून एकही अंक नेलेला नाही अशांना फोन करायचे, म्हणून तुम्ही यादी काढायला बसलात. ‘नॉट इन’ (‘या यादीत नसलेले’) आणि आत सबक्वेरी, म्हणजे क्वेरीच्या पोटातली क्वेरी, अशी एसक्यूएलची क्वेरी डेटाबेसवर चालवली, तर शून्य ओळी. तीच यादी ‘लेफ्ट जॉइन’ने (दोन टेबलं जोडताना पहिल्यातल्या जोडी न जुळलेल्या ओळीही ठेवणारा जोड) काढली तर 186 नावं. मागच्या वर्षी मात्र हीच ‘नॉट इन’ची क्वेरी नीट चालली होती. ऑफिसात असलेल्या मित्राला विचारलं, तर तो म्हणाला, “सबक्वेरी वापरतंच कोण, स्लो असते, सगळं जॉइनने कर.” तर सबक्वेरी खरंच टाळावी का, असं तुम्ही विचारता आहात.

उत्तर देण्याआधी एक गोष्ट. तुमच्या प्रश्नात सगळ्यात शेवटी, जाता जाता, एक वाक्य आहे : “यंदापासून वाचनकक्षात बसून वाचायला दिलेल्या अंकांचीही नोंद करतो, तिथे सभासद क्रमांक टाकत नाही.” चोर तिथे आहे. वेगाचा आणि जॉइनचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. क्वेरी हळू चाललेली नाही, तिने तुम्हाला नको होतं त्या प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर दिलंय.

तुमची क्वेरी अशी होती (कीवर्ड देवनागरीत लिहिते आहे, टाइप करताना अर्थातच नेहमीसारखे रोमनमध्ये करा) :

सिलेक्ट नाव, फोन फ्रॉम योजना_सभासद
व्हेअर क्रमांक नॉट इन
(सिलेक्ट सभासद_क्रमांक फ्रॉम देवघेव व्हेअर प्रकार = 'अंक');

वाचायला अगदी सरळ. पण वाचनकक्षातल्या नोंदींमुळे आतल्या यादीत आता ‘नल’ शिरलाय. तुमच्या मनात त्या नलचा अर्थ ‘कोणाही सभासदाने नेलेला नाही’ असा आहे. डेटाबेसच्या लेखी नल म्हणजे ‘माहीत नाही’. या दोन अर्थांमधल्या फटीत तुमची 186 नावं पडली.

संगणक बाजूला ठेवून वही घ्या. वहीत आजवर तीन अंक गेल्याची नोंद आहे. एक सभासद 107ने नेला, एक 214ने, आणि तिसऱ्या ओळीत क्रमांकाची जागा कोरी. आता मी येऊन विचारते, “350ने एकही अंक नेलेला नाही, असं लिहून सही करून द्याल?” तुम्ही म्हणाल, 107ची ओळ त्याची नाही, 214ची नाही, पण ही कोरी ओळ त्याची असूही शकते, सही कशी करू? आणि 107बद्दल विचारलं तर उत्तर सरळ ‘नाही, त्याने नेलाय’ असं. म्हणजे ज्यांनी अंक नेला ते यादीतून बाद आणि ज्यांनी नेला नाही त्यांच्याबद्दल खात्री नाही, म्हणून तेही बाद. हजार सभासद असोत की लाख, उत्तर शून्यच येणार.

डेटाबेस हेच करतो. ‘350 नॉट इन 107, 214, नल’ याची तो फोड करतो : 350 हा 107 नाही, आणि 214 नाही, आणि नल नाही. पहिली दोन विधानं खरी. तिसरं ना खरं ना खोटं, ‘माहीत नाही’. ‘आणि’ने जोडलेल्या साखळीत बाकी सगळं खरं असलं तरी एक ‘माहीत नाही’ आला की अख्खं उत्तर ‘माहीत नाही’. आणि ‘व्हेअर’ फक्त ‘खरं’ असलेल्या ओळी पुढे सोडतो. मागच्या वर्षी वाचनकक्षाच्या नोंदी नव्हत्या, म्हणून नल नव्हता, म्हणून क्वेरी चालली. चूक तेव्हाही तीच होती, फक्त तेव्हा ती झाकली गेली.

साध्या ‘इन’मध्ये हा त्रास दिसत नाही. तिथे 107 यादीत सापडला की काम झालं, बाजूला नल असला तरी त्याचं काही बिघडत नाही. म्हणूनच माणसं वर्षानुवर्षं ‘इन’ वापरतात आणि त्यामागे ‘नॉट’ लावला की उलटं उत्तर मिळेल असं धरून चालतात. नल असला की ते उलटं राहत नाही.

मी ही यादी अशी काढेन :

सिलेक्ट स.नाव, स.फोन फ्रॉम योजना_सभासद स
व्हेअर नॉट एक्झिस्ट्स
(सिलेक्ट 1 फ्रॉम देवघेव द
व्हेअर द.सभासद_क्रमांक = स.क्रमांक
अँड द.प्रकार = 'अंक');

‘स’ आणि ‘द’ ही त्या दोन टेबलांची टोपणनावं. इथे आतली क्वेरी यादी बनवून देत नाही. बाहेरच्या प्रत्येक सभासदापाशी थांबून ती एवढंच बघते, की याच्या नावाची एक तरी ओळ आहे का. कोरी ओळ 350शी जुळवून पाहिली की उत्तर ‘माहीत नाही’ येतं, त्यामुळे ती ओळ आतच गळते. राहिलं काय, तर 350च्या नावाची ओळ आली की नाही आली. ‘एक्झिस्ट्स’चं उत्तर कायम हो किंवा नाही, त्याला तिसरं तोंड नाही. आणि ‘सिलेक्ट 1’ आहे की ‘सिलेक्ट स्टार’, यावर डोकं फोडू नका. मुलाखतीत विचारतात खरं, पण तिथे काय लिहिलंय ते डेटाबेस बघतच नाही.

‘नॉट इन’च्या आत ‘सभासद_क्रमांक इज नॉट नल’ अशी अट वाढवूनही तुमचं काम भागेल. मी ते करत नाही, कारण सहा महिन्यांनी कोणीतरी ‘ही अट कशाला’ म्हणून ती काढून टाकतं. अनुभव आहे.

तुमचा ‘लेफ्ट जॉइन’ बरोबर होता आणि 186 हा आकडाही बरोबर आहे. मात्र तुम्ही ‘प्रकार = अंक’ ही अट ‘ऑन’मध्ये, म्हणजे जोडी कशी जुळवायची ते सांगणाऱ्या भागात, लिहिलीत म्हणून तो बरोबर आला. तीच अट खाली ‘व्हेअर’मध्ये गेली असती तर तिथेही शून्यच आलं असतं, कारण ज्याची जोडी जुळली नाही त्याच्या ओळीत प्रकारही नलच असतो. दुसरं म्हणजे, जोडी जुळली नाही हे तपासताना देवघेवच्या अशा रकान्यावर ‘इज नल’ लावा जो कधीच रिकामा नसतो, म्हणजे तिची प्रायमरी की, प्रत्येक ओळीचा स्वतंत्र ओळख क्रमांक. शेरा वगैरे रकान्यावर लावलात तर अंक नेलेली माणसंही यादीत येतील आणि फोन केल्यावर बोलणी खाल.

आता मित्राच्या सल्ल्याबद्दल. ‘सगळं जॉइनने कर’ या सल्ल्याने उद्या तुमचं काय होईल ते सांगते. ज्यांनी किमान एक अंक नेला त्यांची एकूण वर्गणी किती, असं कार्यवाहांनी विचारलं. तुम्ही योजना_सभासद आणि देवघेव जोडलं आणि वर्गणीची बेरीज मारली. एखाद्याने 500 रुपये भरले आणि सहा अंक नेले, तर जॉइनमध्ये तो सहा वेळा येणार आणि त्याचे 500चे 3,000 होणार. बेरीज पाहून कार्यवाह खूश, खजिनदार हैराण. मग ‘डिस्टिंक्ट’ (सारख्या किमती एकदाच धरणारा) लावायचा मोह होतो आणि ‘सम’च्या आत ‘डिस्टिंक्ट’ लावला, तर 500 भरणारे सगळे मिळून एकदाच मोजले जातात. एका चुकीवर दुसरीचं ठिगळ. ‘एक्झिस्ट्स’ने गाळलं असतं तर सभासद एकदाच आला असता, कारण ती क्वेरी ओळी वाढवतच नाही, फक्त आत सोडते किंवा अडवते.

म्हणून माझा साधा हिशेब असा : दुसऱ्या टेबलातला एखादा रकाना निकालात दाखवायचा असेल तर जॉइन. दुसरं टेबल फक्त गाळणी म्हणून हवं असेल तर सबक्वेरी. सभासदाचं नाव आणि त्याने नेलेल्या अंकाचं नाव दोन्ही छापायचंय? जॉइन करा. अंक नेला की नाही एवढंच बघायचंय? मग देवघेव ‘फ्रॉम’मध्ये आणूच नका.

आत क्वेरी लिहिताना मी स्वतःला एकच विचारते : हिच्याकडून मला यादी हवी आहे, एकच किंमत हवी आहे, की हो-नाही हवं आहे? यादी हवी असेल तर ‘इन’ चालतो, फक्त नलवर नजर ठेवायची. हो-नाही असेल तर ‘एक्झिस्ट्स’. एकच किंमत हवी असते तेव्हा ‘बरोबर’चं चिन्ह टाकून आपण क्वेरी कंसात ठेवतो आणि ती एकच ओळ देईल असं धरून चालतो. तिने दोन दिल्या तर डेटाबेस एरर देतो : मायएसक्यूएल असेल तर 1242 क्रमांकाची, ओरॅकल असेल तर ओरा-01427. त्या एररला शिव्या घालू नका, ती उपकारच करते. वाईट प्रकार उलटा : आतून एकही ओळ आली नाही तर ती किंमत नल होते आणि बाहेरची क्वेरी तोंडातून अक्षर न काढता रिकामी परत येते.

‘प्रत्येक सभासदाची शेवटची नोंद’ हा तुमचा दुसरा प्रश्न याच घरातला. आत ‘त्याच सभासदाची सर्वांत मोठी तारीख’ काढायची आणि बाहेर तारीख तिच्याशी जुळवायची, हे ठीक. पण तुमच्या देवघेवमध्ये तारीख आहे, वेळ नाही. एकाच दिवशी एक कादंबरी आणि एक अंक नेणारा सभासद दोनदा येणार. ते चालत असेल तर चालू द्या. प्रत्येकाची एकच ओळ हवी असेल तर ‘रो नंबर’ हे विंडो फंक्शन घ्या (ते प्रत्येक सभासदाच्या ओळींना 1, 2, 3 असे क्रमांक देतं), तारीख उतरती आणि त्याखाली नोंद क्रमांक उतरता लावा आणि बाहेरून पहिला क्रमांक गाळून घ्या. मायएसक्यूएल 8.0 किंवा पुढचं असेल तर ते मिळतं, 5.7वर अडकला असाल तर नाही.

वेगाकडे येते. मित्र अगदीच चुकीचा बोलला असं म्हणणार नाही. त्याचं म्हणणं एके काळी खरं होतं. एसक्यूएलचा जन्म 1974च्या सुमाराला आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत झाला, चेंबरलिन आणि बॉइस यांच्या हातून, तेव्हा ‘सीक्वेल’ नावाने, आणि एका ‘सिलेक्ट’च्या पोटात दुसरा ‘सिलेक्ट’ ठेवणं हे त्या भाषेत अगदी सुरुवातीपासून आहे. पण आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांमधून जो मायएसक्यूएल चालायचा त्यात सबक्वेरी आली 4.1मध्ये. आणि आल्यावरही ‘इन’मधली साधी यादी तो बाहेरच्या प्रत्येक ओळीमागे पुन्हा पुन्हा चालवायचा. मी तेव्हा कर्वे रस्त्यावरच्या एका तीन खोल्यांच्या ऑफिसात नोकरीला होते. रिपोर्टचं बटण दाबायचं, चहाला जायचं, आल्यावरही घड्याळ फिरतच असायचं. आम्ही आधी क्रमांकांची यादी पीएचपीत आणायचो आणि दुसऱ्या क्वेरीत चिकटवायचो. ओरॅकलवाल्यांनी हीच युक्ती केली की एका यादीत हजारांवर किमती झाल्या म्हणून ओरा-01795 यायची, ती वेगळी मजा. ‘सबक्वेरी टाळा’ हा सल्ला त्या दिवसांतला आहे. 2013 साली आलेल्या मायएसक्यूएल 5.6ने ‘इन’ची सबक्वेरी आतल्या आत सेमी-जॉइनमध्ये (जोडी आहे की नाही एवढंच बघणारा, ओळी न वाढवणारा जोड) बदलायला सुरुवात केली आणि 8.0.17पासून ‘नॉट एक्झिस्ट्स’चाही अँटी-जॉइन (जोडी न सापडलेल्या ओळीच ठेवणारा जोड) होतो. म्हणजे तुम्ही जॉइन लिहिलात काय आणि सबक्वेरी लिहिलीत काय, पुष्कळदा खाली क्वेरी चालवण्याचा प्लॅन एकच तयार होतो. सल्ला मात्र ऑफिसातून ऑफिसात फिरत राहिला.

पोस्टग्रेस या डेटाबेसची तऱ्हा निराळी. ‘नॉट एक्झिस्ट्स’चा अँटी-जॉइन तो 8.4पासून करत आलाय. ‘नॉट इन’चा मात्र मी वापरलेल्या कुठल्याच आवृत्तीत त्याने केला नाही, कारण नलचा तो तिढा जपावा लागतो. आतली यादी वर्क मेममध्ये, म्हणजे अशा कामाला मिळणाऱ्या मेमरीत, मावली तर तिचं हॅश (झटकन शोधता येणारी मांडणी) बनवून तो भराभर बघतो. मूळ सेटिंगमध्ये ही वर्क मेम 4 एमबी असते. यादी त्याबाहेर गेली की क्वेरी एका रात्रीत सेकंदांवरून तासांवर जाते आणि ‘काल तर चालत होती’ असे फोन सुरू होतात. म्हणजे ‘नॉट इन’ सोडायला दोन कारणं झाली, त्यातलं उत्तर चुकण्याचं मोठं.

तुमच्याकडे आठ हजार सभासद आणि तीन लाख नोंदी आहेत. देवघेवच्या सभासद_क्रमांकावर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधयादी) नसेल आणि ऑप्टिमायझरला, म्हणजे प्लॅन ठरवणाऱ्या भागाला, जॉइनमध्ये बदलता येणार नाही अशी ओळी-ओळीला चालणारी सबक्वेरी असेल, तर आठ हजार गुणिले तीन लाख, म्हणजे 240 कोटी ओळी चाळणं आलं. इंडेक्स असेल तर आठ हजार छोट्या शोधांत काम आटोपतं. शेवटच्या नोंदीच्या क्वेरीसाठी सभासद_क्रमांक आणि तारीख असा जोड इंडेक्स करा. एक बारकावा : मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये (त्याच्या नेहमीच्या साठवण-इंजिनात) फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणारा रकाना, दिली की तिचा इंडेक्स आपोआप होतो, पोस्टग्रेसमध्ये होत नाही. मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर आलेली माणसं इथे हमखास फसतात.

अंदाजावर जाऊ नका, क्वेरीपुढे ‘एक्स्प्लेन’ लावून तिचा प्लॅन बघा. मायएसक्यूएलमध्ये ‘डिपेंडंट सबक्वेरी’ दिसलं, किंवा पोस्टग्रेसमध्ये ‘सबप्लॅन’ आणि (‘ॲनलाइझ’ जोडल्यावर) त्यापुढे ‘लूप्स’चा आकडा आठ हजार, की आतली क्वेरी तितक्या वेळा चालते आहे असं समजा. चालली म्हणून ती वाईटच असं नाही, प्रत्येक फेरीला किती वेळ गेला ते पाहा. आणि ‘एक्स्प्लेन’ला ‘ॲनलाइझ’ जोडलंत तर क्वेरी खरोखर चालते, हे ध्यानात ठेवा. पोस्टग्रेसमध्ये ‘डिलीट’वर लावलंत तर ओळी खरोखर उडतात.

डिलीटवरून आठवलं. तुम्ही पुढे जुने सभासद काढून टाकण्याचं लिहिलंय, म्हणून माझी फजिती सांगते. एका जागी रद्द झालेल्या ग्राहकांची यादी वेगळ्या टेबलात होती, त्यात रकान्याचं नाव ग्राहक_क्रमांक. मी लिहिलं : ‘डिलीट फ्रॉम ग्राहक व्हेअर क्रमांक इन’, आणि कंसात ‘सिलेक्ट क्रमांक फ्रॉम रद्द_यादी’. रद्द_यादीत क्रमांक नावाचा रकानाच नव्हता. माझी अपेक्षा, एरर येईल. आतली क्वेरी एकटी चालवली असती तर आलीही असती. पण कंसात असताना डेटाबेस ते नाव आधी आत शोधतो, आत नाही मिळालं तर बाहेर. बाहेरच्या ग्राहक टेबलात क्रमांक होता. म्हणजे अट झाली ‘ग्राहकाचा क्रमांक त्याच ग्राहकाच्या क्रमांकात आहे का’. असणारच की! रद्द_यादीत एक जरी ओळ असली तरी ही अट सगळ्यांना लागू. शुक्रवारची संध्याकाळ, अकरा हजार ग्राहक गेले आणि खाली ‘क्वेरी ओके’ असं लिहून आलं. रात्री साडेबारापर्यंत बॅकअप चढवत बसले होते, हिंजवडीची कंपनीची शेवटची बस केव्हाच निघून गेली होती. हा डेटाबेसचा दोष नाही, आतून बाहेरचं नाव दिसतं म्हणून तर वरचं ‘नॉट एक्झिस्ट्स’ चालतं. त्या दिवसापासून मी सबक्वेरीत एकही रकाना टोपणनावाशिवाय लिहीत नाही. ‘र.क्रमांक’ लिहिलं असतं तर जागच्या जागी एरर आली असती.

तेव्हा डिलीट करण्याआधी तीच अट लावून ‘सिलेक्ट काउंट’ मारा, आकडा डोळ्यांनी बघा, ट्रान्झॅक्शन उघडा (म्हणजे बदल मागे घेता येतो), डिलीट करा, किती ओळी गेल्या ते ताडून बघा आणि मगच कमिट, म्हणजे बदल पक्का. मायएसक्यूएल असेल तर आणखी एक अडचण येईल : ज्या टेबलातून पुसायचं तेच टेबल आतल्या सबक्वेरीत थेट वापरलं तर 1093 क्रमांकाची एरर येते. आतली क्वेरी आणखी एका कंसात घालून तिला नाव दिलं की बहुतेक वेळा सुटतं. दिसायला ओंगळ आहे, पण करतात सगळे तसंच.

राहता राहिल्या वाचनकक्षाच्या त्या कोऱ्या ओळी. ‘नॉट एक्झिस्ट्स’ने तुमची आजची यादी निघेल, पण त्या ओळी तशाच ठेवल्यात तर पुढचा मुलगा पुन्हा ‘नॉट इन’ लिहील. त्यांच्यासाठी ‘वाचनकक्ष’ नावाचा एक खोटा सभासद करून त्याचा क्रमांक टाकावा, असं काही जण सुचवतील. करू नका. शाखेची सरासरी काढायला जाल तेव्हा तो एकटा दोनशे अंक वाचून बसलेला दिसेल. त्यापेक्षा देवघेवमध्ये ‘कुठे’ असा रकाना वाढवा, ‘घरी’ किंवा ‘कक्ष’, आणि घरी नेलेल्या नोंदीला सभासद क्रमांक सक्तीचा करा. हे करण्याआधी काउंटरवर दुपारी जे बसतात त्यांना विचारा, की कोऱ्या ओळींपैकी सगळ्या खरंच कक्षातल्या आहेत का. गर्दीत कार्ड न बघता दिलेले अंकही त्यात असतील अशी मला दाट शंका आहे, आणि तसं असेल तर तुमच्या 186 जणांपैकी काहींच्या घरी अंक आत्ता या क्षणी उशाशी पडलेला आहे. फोन करताना “तुम्ही अंक नेला नाहीत” असं म्हणू नका, “आमच्या नोंदीत दिसत नाही” असं म्हणा.